इनामगावचा बांध



प्राचीन वसाहतींचा विषय निघाला की मोहेंजोदडो आणि हडप्पा ही नावे सर्वप्रथम ओठांवर येतात. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे नाव त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असते. वास्तविक महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे इतके सविस्तर दर्शन क्वचितच अन्य उत्खननाने घडविले असेल.

डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे वस्ती होती. लाल मातीच्या भांड्यांवरील काळी नक्षी, चुलींची राख, जळालेले धान्यकण यांवरून तिचा इतिहास वाचावा लागतो. लिखित असा एक शब्दही मागे राहिलेला नाही.

हा प्रदेश पर्जन्यछायेतील. नदीला पूर येई आणि ओसरून जाई. पिकांना पाणी हवे तेव्हा मात्र पात्र आटलेले. यावर त्या ग्रामस्थांनी काढलेला उपाय थक्क करणारा आहे. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी सुमारे ४ मीटर रुंद व ३.५ मीटर खोल कालवा खोदला आणि त्याच्या बाजूने दगड व चिखल यांचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला. त्या काळी लोखंड नव्हते. तांबे होते, पण दुर्मीळ. नित्याची हत्यारे गारगोटीच्या पात्यांची. अशा साधनांनिशी एवढी माती उपसणे हे एकट्या-दुकट्या कुटुंबाचे काम नव्हे. बार्ली हे मुख्य पीक. पाण्याची सोय झाल्यावर गहूही घेता आला.

हे काम कोणाच्या आज्ञेने झाले असावे? गावात एक पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याच्या शेजारी धान्यकोठार. याच घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक प्रौढ पुरुष आढळला. इतर प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचा भाग तोडलेला दिसतो; याचे पाय मात्र शाबूत होते. तो ग्रामप्रमुख असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. धान्यकोठार त्याच्या दाराशी असणे हे तर्काला धरूनच आहे. गावाने पिकविलेल्या धान्याचा वाटा तेथे जमा होत असावा.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटले. हवामान अधिक कोरडे झाले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. गहू मागे पडला, शिकारीवरील अवलंबन वाढले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. एका पिढीने भिंती लिंपलेल्या घरात जन्म घ्यावा आणि पुढच्यांनी झोपडीत दिवस कंठावेत, हा बदल मातीच्या थरांत स्पष्ट उमटला आहे. त्या झोपड्यांच्या जमिनीत चार सपाट दगड मांडलेले आढळतात. धान्याच्या चार पायांच्या रांजणाला टेकू म्हणून ते ठेवीत. कोठाराची जागा आता या रांजणाने घेतली होती. इ.स.पू. ७०० च्या सुमारास रहिवाशांनी गाव सोडले. दगड तेथेच राहिले.