भोंग्यावरून वाचलेली यादी



आमच्या लोट्यात क्रिकेटचा हंगाम भाताच्या कापणीनंतर सुरू होतो. खळी आटोपली की मळे मोकळे होतात. पोरं फावडी घेऊन बावीस यार्डांची पट्टी सपाट करतात, पाणी मारून चोपतात आणि मग पाऊस येईपर्यंत दर रविवारी कुठे ना कुठे टेनिस बॉलचे सामने चालू असतात. चिपळूणकडून परशुरामाचा घाट चढून वर आलं की औद्योगिक वसाहत लागते. तिथून रात्रपाळी करून आलेला माणूस दोन तास डोळा लावतो आणि बॅट घेऊन मळ्यात हजर होतो. अशाच एका संघाची वही बरीच वर्षं माझ्याकडे होती. मला खेळता येत नव्हतं, पण मी बी.ए. झालेला, अक्षर बरं, शिवाय कविता करतो म्हणजे भांडणार नाही, अशी मंडळींची समजूत.

आमच्या घरी क्रिकेट आलं ते अब्बांच्या ट्रान्झिस्टरमधून. अब्बा मुंबईला गोदीत होते. त्यांचा जीव चंदू बोर्डे यांच्यावर. पुण्याचा माणूस, ५५ कसोटी सामने, ३०६१ धावा, पाच शतकं आणि वर लेगस्पिनने ५२ बळी. १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे बोर्ड्यांनी पहिल्या डावात १०९ केले आणि दुसऱ्या डावात ९६वर असताना त्यांची बॅट स्वतःच्याच यष्ट्यांना लागली. ते चार रन अब्बांना मरेपर्यंत सलत होते. जणू त्यांच्याच पगारातून कापले गेले.

मग आला १९६९चा नोव्हेंबर. ऑस्ट्रेलियाचा संघ आला होता. मुंबईत ब्रेबर्नवर पहिली कसोटी झाली. पंचांच्या एका निर्णयावरून दंगल पेटली, खुर्च्या जळाल्या, ती हीच कसोटी. त्या धुरात एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. बोर्ड्यांचा तो शेवटचा कसोटी सामना ठरला. वय पस्तीस. १५ नोव्हेंबरला कानपूरला दुसरी कसोटी सुरू झाली तेव्हा संघात बोर्डे नव्हते, आणि वीस वर्षांचा एक बुटका मुलगा पहिल्यांदाच कसोटी खेळत होता. गुंडाप्पा विश्वनाथ. पहिल्या डावात शून्य. दुसऱ्या डावात १३७.

शतक सगळ्यांना आठवतं. मला त्या शून्याबद्दल बोलायचंय. शून्यावर बाद होऊन तो पोरगा परत येत होता, तेव्हा देशभर किती अब्बा ट्रान्झिस्टरसमोर बसून म्हणाले असतील, ‘काढलंत ना आमच्या बोर्ड्यांना? घ्या आता!’ कर्णधार पतौडींनी आपल्याला त्या वेळी धीर दिला, असं विश्वनाथ पुढे सांगत आला. हे फार महत्त्वाचं. जुन्याला बसवून नव्याला उभं करायचं असेल, तर पहिलं शून्य सोसायची तयारी ठेवूनच करावं. त्या शून्याची किंमत निवडणाऱ्यानं मोजायची असते, पोरानं नव्हे.

निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. तरुणांना आणायचं असं त्यांनी ठरवलंच होतं. त्याच हंगामात अशोक मांकड आला, एकनाथ सोलकर आला. १९७१च्या सुरुवातीला मर्चंट यांनी अध्यक्षाचं जादा मत टाकलं आणि पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. त्या वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे आपण मालिका जिंकलो. पण हे मर्चंट स्वतः कसे गेले होते? १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १५४ धावा करून. खांदा दुखावला आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. म्हणजे चाळिशीत दीडशे काढलेला माणूस पस्तिशीच्या माणसाला बसवत होता! पुढे विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम लागायचा. अब्बा तो चुकवत नसत, पण ऐकताना पुटपुटत असत. आणि विश्वनाथ खेळायला आला की गप्प. त्याचा तो स्क्वेअर कट त्यांना आवडायचा, आणि आवडतो हे कबूल करायची चोरी.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही माझ्यावर वेळ आली तेव्हा मी चुकलो.

आमच्या संघात एक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारखान्यात ऑपरेटर. मधल्या फळीत येऊन पाच चेंडूंत सामना फिरवणारे. त्यांच्यासाठी बायाबापड्या बांधावर येऊन बसत. पण त्रेचाळिशी उलटली होती. गुडघा धरला होता. सहा षटकांच्या सामन्यात दोनची एकच धाव निघायला लागली की सगळं गणित बिघडतं. आणि दुसरीकडे एकोणीस वर्षांचा एक पोरगा तीन हंगाम नवव्या नंबरला वाट बघत बसलेला. त्याला फलंदाजी मिळायची ती शेवटच्या दोन चेंडूंपुरती. शेजारच्या वाडीच्या संघाने त्याला बोलावलंही होतं.

समितीत ठरलं, यंदा पोराला चौथ्या नंबरला खेळवायचं, अण्णांना बसवायचं. ‘भाई, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत,’ मंडळी मला म्हणाली. मी हो म्हटलं. शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्या घरावरून गेलो. दार उघडं होतं, अण्णा ओटीवर बॅटची मूठ नव्या रबराने गुंडाळत होते. मी पावसापाण्याचं बोललो, चहा प्यायलो आणि परत आलो. शब्दांवर जगणारा माणूस मी. चार शब्द सुचले नाहीत.

रविवारी यादी भोंग्यावरून वाचली गेली. अण्णा रात्रपाळीवरून थेट आले होते, अंगात कारखान्याचाच शर्ट. अकरा नावं झाली. समालोचक पोरगा गोंधळून म्हणाला, ‘एक नाव राहिलंय वाटतं.’ मी मान हलवली. राहिलं नव्हतं. बांधावर आरडाओरडा झाला. अण्णा उठले, माझ्याच टेबलाशी येऊन बसले आणि पेन्सिल मागून घेऊन गुण लिहू लागले.

पोरगा तिसऱ्या चेंडूवर गेला. चार धावा. आम्ही हरलो. बांधावरून मला जे ऐकावं लागलं ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही. सामना संपल्यावर बघतो तर अण्णा त्या पोराला खेळपट्टीवर घेऊन गेलेले. घाटाकडच्या टोकाला चेंडू खाली राहतो, तिथे पुढे पाय टाकल्याशिवाय बॅट फिरवायची नाही, हे ते त्याला पाय ठेवून दाखवत होते. दुखऱ्या गुडघ्यानेच.

माफी मागायला मी गेलो तो शिमगा उलटल्यावर. अण्णा म्हणाले, ‘भाई, निवड बरोबर होती. मीही तेच केलं असतं. पण त्या शुक्रवारी तू आलास तेव्हाच मला कळलं होतं. मी वाट बघत होतो, तू बोलशील. बायको दोनदा चहा टाकायला उठली ती म्हणूनच.’

पोरगा पुढे खूप खेळला. तो विश्वनाथ झाला नाही, पण आमच्या वाडीला तेवढा पुरला. अण्णा समालोचनाला बसू लागले, आणि त्यांचा आवाज ऐकायला बांध पुन्हा भरू लागला. तसे बोर्डेही मैदानापासून फार दूर गेले नाहीत. १९८९मध्ये भारताचा संघ पाकिस्तानात गेला, त्याचे व्यवस्थापक बोर्डेच होते. कराचीच्या पहिल्या कसोटीत सोळा वर्षांचा सचिन उतरला. तारीख १५ नोव्हेंबर. कानपूरच्या त्या सकाळनंतर बरोबर वीस वर्षांनी. सचिनने त्या डावात १५ केले. अब्बांना मी हा योगायोग सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘बोर्ड्यांना तारीख आठवली असेल का रे?’

आता माझी पाळी. तालुक्याच्या कविसंमेलनात गेली कित्येक वर्षं मी शेवटून दुसरा वाचतो. आमच्यात ज्येष्ठ शेवटी वाचतात, आणि ज्येष्ठांना कुणी थांबा म्हणत नाही, मग नव्या पोरींच्या वाट्याला मांडव भरण्याआधीची वेळ येते. गेल्या वर्षी आयोजकांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, यंदा तुमच्या जागी एका नव्या मुलीला घेतोय. कार्ड छापायला जाण्याआधी तुम्हाला सांगावं म्हटलं.’ मी म्हटलं, अवश्य घ्या. मनापासून म्हटलं.

फोन ठेवला आणि जुनी वही काढून एक गझल मोठ्याने वाचत बसलो. दोनदा, तीनदा. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘का हो, उद्या मॅच आहे का?’