‘जमीन : नाही’ असे मी लिहिले होते
(जोयडा तालुक्यातील युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुढे आज्ज्या, काका, मामा बसलेत आणि मागे कॉलेजची पोरं उभी आहेत. मी जास्त करून मागच्यांशी बोलणार आहे. पुढच्यांनी माझे चुकेल तिथे अडवावे.

समाजशास्त्रात एम.ए. करताना सुट्टीत मी एका सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला जात होते. फॉर्मामागे पैसे मिळायचे. गाव आपल्याच तालुक्यातले. एका आज्जींना विचारले, जमीन किती? त्या म्हणाल्या, “ही काय समोर दिसते ती.” मी म्हटले, उतारा आहे? “उतारा कुठला गो बाय, रान ते.” मी चौकटीत लिहिले, ‘जमीन : नाही’. फॉर्माच्या हिशेबाने ते बरोबरच होते. पण त्यांच्या सासऱ्यांनी घातलेले बांध, भाताच्या कोंडी, घरामागे लावलेली मुडली, सगळे माझ्या कागदावरून गेले.

याचा अर्थ मला नंतर कळला, वनहक्क कायदा वाचताना. २००६ चा हा कायदा अनुसूचित जमातीच्या माणसाला सांगतो की १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तुझा ताबा दाखव. आपले कुणबी कर्नाटकात त्या यादीत नाहीत. म्हणून त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब करा, १९३० सालापर्यंत मागे जावे लागते! घाटापलीकडे गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप यांना २००३ पासून जमातीचा दर्जा आहे. सोयरीक तिकडे होते, देव तेच, पण पुरावा द्यायची पाळी येते ती इकडच्यांवर.

आता महत्त्वाचे. पुरावा म्हणजे फक्त सरकारी शिक्क्याचा कागद नव्हे. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम प्रत्येकाने वाचावा. त्यात जुनी गॅझेटियर आणि जनगणना चालतात, घर, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान चालते, वंशावळ चालते. स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन चालते. आणि नामांकित संस्थांनी रूढी-परंपरांवर केलेले संशोधनही चालते. यांतले किमान दोन पुरावे लागतात. अमुकच कागद आण, असा हट्ट वरच्या समित्यांनी धरायचा नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलेले आहे. म्हणजे आम्ही वर्गात ज्याला क्षेत्रकार्य म्हणून मार्कांपुरते शिकलो, ते इथे एखाद्याचे शेत वाचवू शकते.

कोयनेचे उदाहरण घ्या. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. मोलाचे काम. पण ती पाहणी झाली तेव्हा माणसे उठून गेली होती. आपले जुने सुपेही काळी नदीवरच्या धरणाखाली गेले, आणि तिथल्या विहिरी, देवळे आता साक्षीला आणता येत नाहीत. जे अजून कोरडे आहे, त्याची नोंद आत्ता करायला हवी.

कशी करायची? छापील प्रश्नावली घेऊन जाऊ नका. वंशावळीपासून सुरू करा, आज्जींना आवडते. कोणाची सून कुठून आली, कोणता मुलगा कोणत्या शेतात काम करताना गेला, यातून शेताचे वय निघते. मग विहिरीवर जा, फोटो काढा, ती कोणी खणली ते विचारा. कुमरीचे नाव काढले की म्हातारी माणसे गप्प होतात, जंगल खात्याच्या दंडाची भीती अजून अंगात आहे. जबरदस्ती करू नका. १८८३ च्या कॅनरा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुमरी शेतीची नोंद आहे, ते पान दाखवलेत की बोलतीलही. आणि वय फुगवून लिहू नका. एक खोटे निवेदन सापडले की गावाचे सगळे दावे संशयाखाली येतात. लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवा. एक प्रत घरात, एक ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे.

जमातीच्या दर्जासाठीही अभ्यासक येतात. १९६५ च्या लोकूर समितीच्या कसोट्यांत ‘बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच’ अशी एक आहे. मला ती पटत नाही. पोराच्या हातात मोबाइल दिसला की काय त्याच्या आजोबांचा संकोच पुसला जातो? पण कसोटी आहे तोवर अभ्यासकाला नुसता चहा पाजून परत पाठवू नका. त्याला गावात फिरवा, आणि अहवालाची प्रत मागा. माझा फॉर्म ज्या अहवालात गेला तो मीसुद्धा पाहिलेला नाही.

त्या आज्जी आता नाहीत. त्यांचा मुलगा दावा करणार आहे. शेजारच्या घरातल्या काकी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना ते बांध कोणी घातले ते आठवते. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. मला दोघे जण हवेत, एक लिहायला आणि एक फोटो काढायला. मोबाइल चार्ज करून आणा. मागे कोण हात वर करतंय?