नख, जीभ आणि भाकरीचा घास



अध्यक्षानं व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी एका नखावर बोलणार आहे.

बरीच वर्षं झाली. पंचेचाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, भाकरी घशातनं उतरंना." मी टॉर्च मारून घसा पाहिला, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या खेपेला "मनाला लावून घेऊ नका" म्हणून मोकळा झालो. त्या पैसे द्यायला उठल्या, तेवढ्यात सोबतची सून म्हणाली, "आत्याबाई आताशा भाकरी आमटीत कुस्करूनच खातात. आणि तांदूळ निवडताना कच्चेच तोंडात टाकतात." बाईंनी नोट टेबलावर ठेवली आणि मला त्यांची नखं दिसली. पातळ, मधे खोलगट, कडा वर उचललेल्या. पाण्याचा थेंब ठेवला असता तर ठरला असता. जीभ बघितली, तर गुळगुळीत, लालभडक. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं.

हा प्लमर-व्हिन्सन सिंड्रोम. लोहाची कमतरता, गिळायला त्रास आणि अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पातळ पडदा. बेरियमच्या तपासणीत हा पडदा बाजूनं घेतलेल्या फोटोत, पुढच्या भिंतीला दिसतो. नुसता समोरून फोटो काढला तर हमखास निसटतो. घन घास अडतो, पाणी जातं, आणि दुखत नाही. म्हणूनच बाई तक्रार न करता जेवणच बदलून टाकते.

माझ्या चुकीला मोठी परंपरा आहे, हे नंतर वाचताना कळलं. ज्यांचं नाव या आजाराला आहे त्या मेयो क्लिनिकच्या व्हिन्सननी 1922 साली लेख लिहिला, त्याचं शीर्षकच मुळी 'हिस्टेरिकल डिसफेजिया'! कार्डिफचे पॅटरसन आणि ग्लासगोचे ब्राउन केली यांनी 1919 मध्येच या बायकांचं नेमकं वर्णन केलं होतं. ब्रिटनमध्ये आजही या दोघांचं नाव चालतं. पण बाईच्या घशात काही अडकतंय म्हटलं की डॉक्टर आधी तिच्या मनात शिरतो. मीही शिरलोच होतो.

हा आजार आता दुर्मीळ आहे, मान्य. एकेकाळी उत्तर स्वीडनमध्ये तो पुष्कळ दिसे. आहार सुधारला, पिठात लोह घातलं गेलं, आणि तो ओसरला. आपल्याकडे त्याची जमीन अजून ओलीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा "गिळायला त्रास होतो का?" असं विचारू नका, "नाही" असंच उत्तर येईल. "भाकरी कोरडी खाता का?" असं विचारा. नखांवर मेंदी असेल तर नख बाजूनं, आडवं धरून बघा.

उपचार साधा आहे. लोह द्यायचं, पण चहाबरोबर नाही. शौच काळं होतं हे आधीच सांगायचं, नाहीतर आठवड्यात गोळ्या बंद होतात. रक्त कुठं जातंय ते शोधायचं. पडदा जाड असेल तर दुर्बिणीतून रुंदावायचा. आणि गिळणं सुधारलं तरी पेशंट सोडायचा नाही, कारण घशाच्या खालच्या भागाच्या कर्करोगाचा धोका या बायकांना जास्त असतो.

त्या बाई पुढं दर सहा महिन्यांनी येत राहिल्या. खुर्चीवर बसल्या की मी काही विचारायच्या आतच दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायच्या.