तीन महिने ‘तोंड आलंय’ म्हणून



आमच्या गटातल्या एका वहिनींनी मासिक बैठकीत चहा घ्यायचा सोडला. विचारलं तर म्हणाल्या, “तोंड आलंय.” तीन महिने तेच. पित्ताच्या गोळ्या झाल्या, तूप लावून झालं. भाकरी सुटली, नुसत्या पेजेवर आल्या. मग छातीवर, पाठीवर पाण्याचे फोड उठले. कुणी नागीण म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. शेजारणीनं कपबशी वेगळी ठेवली.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाजवळच्या कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव निघालं पेम्फिगस.

आपल्या शरीराची राखण करणारी शक्ती यात चुकून आपल्याच कातडीवर उलटते. विटांमधलं सिमेंट निघावं तशी कातडी सुटते आणि फोड येतात. बऱ्याच जणांना सुरुवात तोंडातून होते, अंगावर फोड नंतर येतात. हा रोग शिवल्यानं, उष्ट्यानं पसरत नाही. कपबशी वेगळी करायचं काही कारण नाही.

१९५० च्या सुमारास स्टेरॉइडची औषधं आली. त्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. आज उपचारानं आजार आटोक्यात राहतो, पण औषध बरेच महिने, कधी काही वर्षं चालतं. आमच्या वहिनींनी महिन्यात बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या आणि फोड परत आले. स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात. मध्ये साखर आणि बीपी तपासत राहायचं. ताप आला किंवा फोडात पू झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घरी काय करायचं? फोड सोलू नका, त्यावर झाडपाला, हळद, राख लावू नका. कपडे सुती, सैल घाला. ताकभात, मऊ खिचडी, गार केलेली पेज खा. कांदा-लसूण चटणी, तांबडा रस्सा, कडक भाकरी काही दिवस लांब ठेवा. मिश्री तर कायमची सोडा. दात मऊ ब्रशनं घासा.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवायलाच हवी. तो कॅन्सरही असू शकतो. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. योजनेतून खर्च भागतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

वहिनींना तपासणीला जायला आम्ही गटातून अंतर्गत कर्ज दिलं, आणि दर खेपेला एकजण सोबत गेली. परवाच्या बैठकीत त्यांनी चहा घेतला. कोमट करून, पण घेतला.

तुमच्या गटात कुणी चहा सोडलाय का, या बैठकीत जरूर विचारा.