लेख वाचावासा कसा वाटेल?

काही वर्षांपूर्वी मी खरोशाच्या लेण्यांवर एक लेख लिहिला. खरोसा आमच्या औसा तालुक्यातलेच. ‘अजोड शिल्पवैभव’, ‘काळाच्या उदरात गडप झालेला इतिहास’ असे शब्द मी त्यात मूठमूठ पेरले होते. एका साप्ताहिकात लेख छापून आला. मोठ्या हौसेने अंक मामांपुढे ठेवला. मामा शेतकरी. त्यांनी निम्मा वाचला, चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, “लई भारी लिव्हलास बाबा. पण तिथला दगड तांबडा कामून हाय, अन् त्यात त्यांनी खोदलं कसं, ते कुठं सांगितलंस?”

तो दगड जांभा. ताजा असतो तेव्हा तासायला त्यामानाने मऊ, उघडा पडून वारा लागला की टणक होणारा. माझ्या सबंध लेखात ‘जांभा’ हा शब्दच नव्हता! वैभव मात्र होते.

आपल्या मराठीत खेड्यातल्या माणसाने वाचावे म्हणून लिहिणारे एक मोठे संपादक होऊन गेले, मुकुंदराव पाटील. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ हे पत्र काढले, तेही पुण्या-मुंबईत नव्हे, नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यासारख्या खेड्यात. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागले आणि १९६७ साली मुकुंदराव वारले तोवर त्यांनी ते चालवले. त्या काळी गावात वाचता येणारे थोडे. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे. अशा मंडळींना पोथीची सवय. मुकुंदरावांनी काय करावे? १९१३ साली ‘कुलकर्णी-लीलामृत’ रचले ते चक्क ओवीत. चाल पोथीची, आणि आत कुळकर्ण्याची लेखणी अडाणी कुळाला कशी नाडते त्याची हकीकत. त्यांची भाषा कुठे कुठे फार कडवट होते, हे मी कबूल करतो. पण ज्याचे शेत कागदावरच दुसऱ्याचे होऊन बसते, त्याला ती कडवट वाटली असेल का?

आज लेख मोबाइलवर वाचतात. मामांनी निदान चष्मा काढला, खिशात ठेवला. आता अंगठ्याने नुसते वर सरकवले की संपले! बाकी फरक काही नाही. वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून एक प्रश्न असतो, आणि तो त्याला विचारल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

शिक्षक मित्रहो, आता माझीच एक चूक सांगतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या वर्षीची गोष्ट. मी मुलांना ‘पाणी’ या विषयावर निबंध घातला. बहुतेकांची सुरुवात एकच, ‘पाणी हे जीवन आहे.’ एका मुलीने मात्र एकदम लिहिले होते की, आमच्याकडे आंघोळ परातीत बसून करायची, परातीतले पाणी बादलीत भरून ठेवायचे आणि ते संडासाला वापरायचे. पाहुणा आला की आई आधी रांजणात डोकावते, मग ‘या’ म्हणते.

मी तो निबंध दोनदा वाचला. आणि खाली तांबड्या शाईने शेरा मारला, ‘प्रास्ताविक नाही.’ गुण दिले दहापैकी चार.

सहामाहीला तोच विषय पुन्हा आला. तिचा पेपर मी मुद्दाम आधी काढला. पहिले वाक्य होते, ‘पाणी हे जीवन आहे.’