पीचच्या झाडावर फळं किती ठेवावीत?

एप्रिल सरत आला की चंडीगडच्या सेक्टर २६ च्या मंडीत पंजाबातले पीच यायला लागतात. आधी ‘अर्ली ग्रँड’, पाठोपाठ ‘शान-ए-पंजाब’. कमी थंडीवर भागणाऱ्या या जाती फुलल्यापासून जेमतेम तीन महिन्यांत पिकतात, म्हणजे फळ पोसायला वेळ मुळातच थोडा. झाड मात्र हात राखून फळत नाही. गेल्या वर्षीच्या काडीवर बोटाबोटाच्या अंतरानं फळ धरतं. त्यातली निम्म्याहून अधिक हातानं तोडावीत, १० ते १५ सेंटिमीटरला एकच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. एका फळाला ३०-४० पानांची साखर लागते. वाटेकरी वाढले की फळ लहान राहतं, गोडीही उतरते. विरळणीची वेळही ठरलेली आहे. फळाच्या पेशी संख्येनं सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढतात, मग कोय कडक होते, शेवटी त्याच पेशी फुगतात. कोय कडक झाल्यावर फळं तोडली तर उरलेल्यांना पुरता लाभ मिळत नाही.

माल कमी होईल, ही भीती खोटी नाही. झाडावरचं एकूण वजन बहुधा घटतंच. पण किती? फळाचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं. ५ सेंटिमीटरचं फळ ६ चं झालं की वजन १.७ पटीच्या वर जातं, म्हणजे अशी ५८ फळं १०० लहान फळांना भारी पडतात. शिवाय लहान फळात कोयीचाच वाटा मोठा. घट राहिली तरी मोठ्या फळाचा भाव ती बहुतेकदा भरून काढतो, कारण मंडीत लहान-मोठा माल वेगळा निवडला जातो. मजुरीचा आक्षेप खरा आहे, पण तोडणीला तितकीच फळं कमी हाताळावी लागतात. आपल्याकडे नाशिकचा द्राक्षबागायतदार निर्यातीच्या घडातले मणी हातानं विरळ करतो, तोही खर्चच असतो. उरला गारपिटीत ठेवलेली फळंही जातील हा धाक. त्यासाठी विरळणी दोन टप्प्यांत करावी: आधी जोडफळं आणि वेडीवाकडी, मग कोय कडक होण्याआधी बाकीची. सगळं झाड लादून ठेवल्यानं गारा चुकत नाहीत. फांद्या मात्र मोडतात, आणि पुढच्या वर्षी ज्यांवर फळ यायचं त्या नव्या काड्या खुरटतात.

मात्र अतिविरळणीही नको. फळ एकदम फुगलं तर आतली कोय फुटते आणि फळ लवकर नासतं. म्हणून आकडा झाडागणिक नव्हे, काडीगणिक ठरवावा: जाड, पानांनी भरलेल्या काडीवर चार-पाच फळं, बारीक काडीवर एखादं, आणि सावलीतल्या काडीवर एकही नको.