प्रोपार्जिल क्लोराइड: मागवताना आणि ठेवताना

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण ऐका. मी पहूरचा, शिक्षण बी.टेक., काम सॉफ्टवेअरचं. कारखान्यांच्या खरेदीचे आणि स्टॉकचे प्रोग्रॅम लिहितो. केमिस्ट नाही, हे आधीच सांगतो. पण आमच्या स्क्रीनवर जो नुसता आयटम कोड असतो, तो गोडाऊनमध्ये काय चीज असते, हे एका रसायनावरून बोलायचंय. त्याचं नाव प्रोपार्जिल क्लोराइड.

26 मे 2016. डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस एंटरप्रायझेस या कंपनीत स्फोट झाला. 12 जण गेले, दीडशेच्या वर जखमी. आपल्या खान्देशातली कितीतरी माणसं डोंबिवली-कल्याणला पोटापाण्यासाठी आहेत, त्यामुळे ती बातमी आपल्याला लांबची नव्हती. पहिल्या दिवशी सगळीकडे एकच, "बॉयलर फुटला." पुढे चौकशीत बोट ठेवलं गेलं ते प्रोपार्जिल क्लोराइडवर. हा फरक मला मोठा वाटतो. बॉयलरला सगळे दबून असतात, त्याला इन्स्पेक्टर असतो, सर्टिफिकेट असतं. कोपऱ्यातल्या ड्रमला कोण घाबरतं?

हे रसायन म्हणजे इंटरमीडिएट. दुकानात कधी दिसणार नाही. औषधं, शेतीची रसायनं बनवताना मधल्या पायरीवर लागतं. पार्किन्सनवरच्या रासाजिलीन या औषधाच्या रेणूत जो प्रोपार्जिलचा तुकडा आहे, तो जोडायला हे वापरता येतं. उकळतं 57-58 अंशांना. आता मे महिन्यात जळगावकडे पत्र्याच्या शेडखाली काय हाल असतात, ते तुम्हाला सांगायला नको. वाफ हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणजे वर न जाता फरशीवरून सरपटत गटारीपर्यंत जाणार. आणि नुसतं पेट्रोलसारखं जळतं असंही नाही. त्याच्या रेणूत दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध आहे, ताणून धरलेल्या स्प्रिंगसारखा. बंद भांड्यात तापलं किंवा जोराचा दणका बसला, तर हवा नसतानाही ते फुटू शकतं.

मग मागवायचं कसं? पहिली गोष्ट, नावावर जाऊ नका. प्रोपार्जिल क्लोराइड, ब्रोमाइड, अल्कोहोल ही तीन वेगळी रसायनं, पण घाईत वाचलं की सारखीच. पुन्हा क्लोराइडलाच कुणी 3-क्लोरोप्रोपाइन म्हणतं. म्हणून सीएएस नंबर बघायचा: 624-65-7. यातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, ही आम्हा प्रोग्रॅमवाल्यांच्या आवडीची गोष्ट. तो सोडून उजवीकडून सुरुवात करा: 5 गुणिले 1, 6 गुणिले 2, 4 गुणिले 3, 2 गुणिले 4, 6 गुणिले 5. बेरीज 67, शेवटचा आकडा 7. जुळलं. टायपिंगची चूक इथेच पकडली जाते.

दुसरं, निव्वळ घेताय की टोल्युइनमध्ये मिसळलेलं, हे विचारा. याचा भाऊ प्रोपार्जिल ब्रोमाइड बहुतेक वेळा टोल्युइनमधलं 80 टक्के द्रावण म्हणूनच विकतात, कारण टोल्युइन घातलं की दणक्याने फुटायची भीती बरीच कमी होते.

तिसरं म्हणजे किती घ्यायचं, आणि माझा खरा मुद्दा हाच. स्टॉकच्या प्रोग्रॅममध्ये माल कमी झाला की घंटा वाजते. जास्त झाला तर? काहीच नाही! उलट पन्नास ड्रम घेतले की भाव पडतो, खरेदीवाल्याला शाबासकी मिळते. सिमेंटला हा हिशोब ठीक आहे. भोपाळमध्ये डिसेंबर 1984 ला जो मिथाइल आयसोसायनेट निसटला, तोही इंटरमीडिएटच होता. त्याच्यापासून सेविन हे कीटकनाशक बनायचं, आणि टाकीत होता 40 टनांच्या आसपास. जे साठवलंच नाही, ते गळणार कुठून?

ठेवायचं थंड, सावलीत, हवा खेळती. ड्रममधून ओतताना दोन्ही भांड्यांना अर्थिंगची वायर जोडायची, स्थिर विजेची ठिणगीही पुरते. तांबं, पितळ जवळ नको, कारण तिहेरी बंधाची अशी रसायनं तांब्याशी मिळून स्फोटक क्षार बनवू शकतात. शेजारी वेल्डिंग असेल तर आधी ड्रम हलवा, मग लेखी परमिट, मग वेल्डिंग. उलटं नाही.

आता आपल्या भागाचं. पहूरच्या कपाशीवाल्याला फवारणीच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण कळतो, सोबतच्या पत्रकात मराठीही असते. तेच औषध बनताना लागणाऱ्या ड्रमवर मात्र सगळं इंग्रजी. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक दोन्ही सक्तीची आहेत. पण ते पत्रक ऑफिसच्या फाइलमध्ये पडून राहतं आणि ड्रम ढकलतो दुसराच. 31 ऑगस्ट 2019 ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळच्या वाघाडीत, रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, दहाच्या वर जीव गेले. म्हणजे हे डोंबिवलीपुरतं नाही.

मी माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी घातल्या. अशा मालाला कमाल साठ्याची मर्यादा, ती ओलांडली तर ऑर्डर पुढे जात नाही. आणि माल उतरवून घेताना पावतीच्या आधी मराठीत चार ओळी छापून येतात: हे काय आहे, कशापासून लांब ठेवायचं, सांडलं तर काय करायचं, आगीवर काय मारायचं. त्या ड्रमवर चिकटवायच्या. स्टोअरवाले वैतागतात, पावतीला दोन मिनिटं जास्त लागतात म्हणून. लागू देत. तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीत स्टोअर सांभाळत असाल, तर त्या चार ओळींत अजून काय हवं, ते मला नक्की कळवा.